एक नदी, दोन महापालिका : हरित पुनर्विकासाचे काम एकत्र कसे करावे

मुळा नदी बऱ्याच अंतरापर्यंत पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या हद्दीवरून वाहते, पवना दापोडीपाशी तिला मिळते आणि राम नदी तर भुकूमच्या बाजूने, ग्रामपंचायतींच्या हद्दीतून शहरात उतरते. अशा ठिकाणी एकाच महापालिकेने काठ सुधारायला घेतला, तर वरच्या हद्दीत टाकलेला राडारोडा पहिल्याच पुरात खालच्या नव्या लागवडीवर येऊन बसतो. म्हणून हद्दीचा नकाशा बाजूला ठेवून आधी पाणलोटाचा नकाशा काढावा आणि निळी व लाल पूररेषा, म्हणजे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा, त्या एकाच नकाशावर दोन्ही काठांसाठी आखाव्यात.

त्यानंतर मे महिन्यात दोन्हीकडचे कनिष्ठ अभियंते, उद्यान विभागाचे कर्मचारी आणि काठावरचे रहिवासी यांनी मिळून नदीला मिळणारा ओढा पायी चालावा. प्रत्येक मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेच्या, तोंडाशी थांबून तिची रुंदी मोजावी, अडकलेल्या चिंध्या, प्लास्टिक आणि सिमेंटचे गोळे कुठून आले ते शोधावे, शेजारच्या भिंतीवर पाणी कुठवर चढले होते ते तिथे राहणाऱ्यांना विचारावे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले, त्यांची आठवण ही मोजमापाइतकीच मोलाची नोंद आहे आणि ती आराखड्याआधी घेतली पाहिजे, हरकती-सूचनांच्या वेळी नव्हे.

दूरच्या शहरांकडूनही शिकावे, पण नेमका प्रश्न घेऊन. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये काही ठिकाणी दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला. २०१२ मध्ये त्या शहराने अतिवृष्टीचा आराखडा केला आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कशी सहकार्याचा करार केला. तिथल्या टॉसिंगे चौकात डांबर काढून पावसाचे पाणी साठवणारी खोलगट बाग केली आहे. छपरांचे पाणी आणि रस्त्याचे पाणी तिथे वेगळे हाताळतात, कारण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे मिठाच्या जागी मैलापाणी आहे, त्यामुळे पावसाळी गटारात शिरलेल्या मैलावाहिन्या आधी तोडल्याखेरीज अशी बाग करू नये. भारतात २०२१ पासून रिव्हर सिटीज अलायन्स हे नदीकाठच्या शहरांचे व्यासपीठ आहे. तिथे आपली फसलेली कामेही मोकळेपणाने मांडावीत, दुसऱ्या शहराचा पैसा त्यानेच अधिक वाचतो.

सुरुवात एखाद्या किलोमीटरपासून करावी. काठावर वाळुंज, करंज, उंबर अशी पाण्यात टिकणारी स्थानिक झाडे लावावीत. निविदेत पाच वर्षांची देखभाल धरावी आणि तिचा वाटा दोन्ही महापालिकांच्या अर्थसंकल्पांत स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी सर्वांनी पुन्हा त्याच मोऱ्यांपाशी भेटून गाळ मोजावा आणि एकाच वहीत लिहावा.