पॉइंट जमले, केसपेपर तोच: मनोविकारतज्ज्ञांनो, या चुका टाळा

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट. वर्षाला सहा. तरी आपण जागे होतो ते शेवटच्या सहा महिन्यांत, आणि मग मिळेल त्या सीएमईला (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या, पॉइंट देणाऱ्या कार्यक्रमाला) बसतो. गुडघ्याच्या सांध्यावरचं एक व्याख्यान मीही ऐकलंय. त्यातला आता फक्त पांढरा रस्सा आठवतो. पॉइंट खात्यावर दिसत नसतील तर आधी हजेरीपत्रकावरचा आपला नोंदणी क्रमांक तपासा, आणि प्रमाणपत्र जपून ठेवा.

खरी चूक विषय निवडताना होते. स्किझोफ्रेनियावर मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला थेट न अडवणारं औषध अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं; त्यावर कुणी बोलणार म्हटलं की हॉल भरतो. लिथियमवर, बायपोलर आजारावरच्या जुन्या औषधावर, बोलायचं तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, कारण ते ‘येतंच’.

येतं का? मी एकदा लिथियमवरच्या दहा पेशंटचे केसपेपर काढून बसलो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि थायरॉइडच्या तपासण्या काहींच्या राहूनच गेल्या होत्या, त्याचं वाईट वाटलं. पण लेव्हलचे, म्हणजे रक्तात लिथियम किती आहे त्याचे, जे रिपोर्ट होते, त्यांनी जास्त अस्वस्थ केलं. रक्त शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी घ्यायचं असतं. आमचे शाहूवाडी-राधानगरीकडचे पेशंट सकाळची गोळी घेऊन पहिली एसटी धरतात आणि अकराला लॅबमध्ये हात पुढे करतात. लेव्हल फुगलेली येते, आणि आपण चांगला चाललेला डोस कमी करून मोकळे. आता मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहितो: ‘रक्त दिल्यावरच सकाळची गोळी.’

दुसरा प्रश्न कंबरदुखीचा. ऊसतोडीच्या दिवसांत माणूस मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेऊन खातो, उन्हात घाम गाळतो, आणि लिथियम अंगात साठतं. हात थरथरतात, तोल जातो. घरच्यांना वाटतं दारू प्यायलाय. आपण विचारलं नाही तर कुणी सांगत नाही. हे मला कुठल्या स्लाइडवर नाही, त्या दहा कागदांत सापडलं.

कायदा तर आपण वकिलांचा विषय समजतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे, तरी ‘सही मी करतो डॉक्टर, तुम्ही ठेवून घ्या’ म्हणणाऱ्या मेव्हण्यापुढे आपण १९८७ च्या कायद्यात परततो. नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणारी व्यक्ती) कोण, आधाराने (पेशंट स्वतः निर्णय घेऊ शकत नसताना प्रतिनिधीच्या अर्जावर) दाखल करण्याची पहिली मुदत ३० दिवसांचीच, भूल न देता ईसीटीला (विजेच्या झटक्यांच्या उपचाराला) बंदी: हे आपल्या दाखल-फॉर्मशी ताडून बघा.

केसचर्चेचा गट करायचा तर एक अडचण खास आपल्याकडची. गाव आणि आडनाव सांगितलं की समोरच्याला भावकीसकट पेशंट कळतो. नुसतं नाव झाकून भागत नाही. गाव, वय, धंदाही बदला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर केसपेपरचा फोटो टाकू नका, अगदी ‘फक्त आपल्या पाच जणांत’ असलं तरी.