मिशनरी शिक्षिकेचं चरित्र जुन्या कागदांतून कसं जुळवायचं: नगरच्या फेरारबाईंचं उदाहरण

परदेशात आयुष्य घालवलेल्या मिशनरी शिक्षिकांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, ते बहुधा एकाच पुस्तकावरून दुसऱ्यात उतरत आलेलं असतं. मूळ कागद मात्र आहेत आणि त्यांतले बरेच घरबसल्या वाचता येतात. सिंथिया फेरार यांचं उदाहरण घेऊ. जन्म 1795, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं मार्लबरो. अमेरिकन बोर्ड या बॉस्टनच्या मिशनरी संस्थेने 1827 मध्ये त्यांना मुंबईला पाठवलं. बोर्डाने समुद्रापार पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित बायकांपैकी त्या एक. मुंबईत मुलींच्या शाळांची देखरेख, 1837 मध्ये तब्येतीमुळे मायदेशी, 1839 मध्ये परत, मग 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत अहमदनगर.

सुरुवात कालरेषेपासून करा. वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने आखा: घटना कधी घडली, पत्र कधी लिहिलं, कोणत्या अंकात छापलं, पान, आणि सांगणारं कोण. पहिले तीन रकाने वेगळे ठेवणं अत्यावश्यक आहे, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. त्या काळी बॉस्टनहून मुंबईला जहाज आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा पोचायचं, आणि बातमी परत जायलाही तेवढाच वेळ. फेरारबाई 1827 च्या डिसेंबरअखेरीस मुंबईत उतरल्या. त्यामुळे त्यांच्या निघण्याची नोंद बोर्डाच्या मासिकाच्या 1827 च्या खंडात, पण पोचल्याची 1828 च्या खंडात शोधायची. अंकाची तारीख घटनेची म्हणून लिहिली की आख्खं चरित्र वर्षभर पुढे सरकतं.

मुख्य साधन म्हणजे बोर्डाचं मासिक ‘मिशनरी हेरल्ड’. त्याचे जुने खंड इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथी ट्रस्ट या संकेतस्थळांवर मोफत आहेत. जानेवारीच्या अंकात मिशनच्या सगळ्या ठाण्यांचा आढावा असतो, कोण कुठे आहे याच्या यादीसकट. दरवर्षीचा तेवढा अंक आधी पाहा; बाईंचा मुक्काम कधी बदलला ते त्यावरून कळतं. यादी शेवटपर्यंत वाचा, अविवाहित शिक्षिकेचं नाव बहुधा खालीच सापडतं.

शोधताना आजचं स्पेलिंग टाकून भागत नाही. अहमदनगरच्या शेवटी त्या काळी ‘नगर’साठी दोन ‘जी’ आणि दोन ‘यू’ घालत, आणि ‘मराठा’ शब्दात पहिल्या ‘ए’नंतर एक ‘एच’ आणि पुढे जोड ‘टी’ असायचा. आडनावाआधी ‘मिस’ लावून शोधा. विवाहित बाई असेल तर तिचं पाळण्यातलं नाव विसरा, ती नवऱ्याच्या आडनावाने ‘मिसेस’ म्हणूनच येते आणि तिचं कामही पुष्कळदा त्याच्याच अहवालात दडलेलं असतं. यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात, म्हणून काही सापडलं नाही तर खंडाची अनुक्रमणिका डोळ्यांनी चाळा. नगरला 1842 मध्ये सुरू झालेल्या मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या मराठी नियतकालिकाच्या बाबतीत तर यंत्रावर विसंबूच नका. जुन्या देवनागरी छपाईपुढे ते हात टेकतं. पानं उलटायची, आणि नाव ‘फेरार’, ‘फरार’, ‘फरारबाई’ अशा सगळ्या रूपांत पाहायचं.

आता छापील आणि हस्तलिखित यांतला फरक. ‘हेरल्ड’मधली पत्रं देणगीदारांनी वाचावीत म्हणून निवडून, कापून छापलेली असतात. आजारपण, पैशाची ओढाताण, सहकाऱ्यांशी मतभेद हे मूळ पत्रांत जास्त मोकळेपणाने येतं. बोर्डाचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात आहेत. प्रती मागवताना ‘फेरार यांची सगळी पत्रं द्या’ असं लिहू नका. मिशनचं नाव, वर्षांचा टप्पा आणि पत्र लिहिणारीचं नाव द्या. ही यादी तुमच्या कालरेषेतूनच तयार होते, म्हणून ती आधी करायची.

त्या काळच्या पत्रांत टपालखर्च वाचवायला काही वेळा भरलेल्या कागदावरच आडवं लिहिलेलं असतं. असं पान एकदम वाचायला जाऊ नये. फोटो घ्या, एका दिशेच्या ओळी पूर्ण उतरवा, मग प्रतिमा 90 अंशांत फिरवून दुसऱ्या. अडलेला शब्द अंदाजाने भरू नका, चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका.

शाळांचे आकडे सावधपणे घ्या. पटावरच्या मुली आणि रोज येणाऱ्या मुली यांत मोठी तफावत असते. अहवालात कधी एक आकडा येतो, कधी दुसरा. दोन वर्षांची तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत ना, हे पाहा. नाहीतर शाळा ओस पडल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

जोतिराव फुल्यांनी नगरला फेरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचं चरित्रग्रंथांत येतं. अशा विधानापुढे ते पहिल्यांदा कोणत्या साली, कोणी छापलं हे लिहा. समकालीन नोंद आणि पन्नास वर्षांनंतरची आठवण एकाच वजनाने मांडू नये. सावित्रीबाईंचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

1868 नंतर आलेल्या शिक्षिकेचा शोध असेल तर वाट थोडी बदलते. त्या वर्षी बॉस्टनमध्ये स्त्रियांचं स्वतंत्र मिशन बोर्ड निघालं आणि पुढे त्याचं स्वतःचं नियतकालिकही सुरू झालं. ते आधी चाळा. शिक्षिका ब्रिटिश चर्च मिशनरी सोसायटीची असेल तर बर्मिंगहॅम विद्यापीठाचं कॅडबरी ग्रंथालय, स्कॉटिश मिशनची असेल तर एडिनबराचं राष्ट्रीय ग्रंथालय.

कबरीवरचा लेख हाही कागदाइतकाच पुरावा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं आपोआप उठतात. खडू घासू नका, आम्ल तर अजिबात लावू नका; साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

शेवटी एक काम, जे बहुतेक चरित्रांत राहून जातं. सुरुवातीच्या मुलींच्या शाळांत प्रत्यक्ष शिकवायला पुष्कळदा ब्राह्मण पंतोजी असत आणि बाई शाळांमधून फिरून परीक्षा घेत. या पंतोजींची नावं ‘हेरल्ड’मध्ये क्वचितच मिळतात. ती शोधायची तर मिशनच्या हिशेबांतल्या पगाराच्या नोंदी मागवा, आणि त्यांच्यासाठी तुमच्या वहीत सहावा रकाना आखा.