दाढेतली जुनी चांदी काढायला जाण्याआधी

‘दाढेत चांदी भरली’ असं आपण म्हणतो, पण त्या राखाडी भरणात वजनानं जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी थोडं जस्त. पारा या धातूंशी बांधला जातो, त्यामुळे चावताना किंवा गरम चहा पिताना त्याची वाफ सुटते ती फार थोडी. तीच चांदी मशीननं कोरडी घासली की तापते, तिची भुकटी होते आणि वाफ एकदम वाढते. वीस वर्षं निमूट बसलेल्या चांदीपेक्षा ती काढायची दहा-पंधरा मिनिटं जास्त जपायची असतात. पुढची सगळी तयारी त्या मिनिटांसाठी आहे.

आधी काढायची गरज आहे का, ते ठरवा. चांदीला तडा गेला असेल, कड उचलून खाली पुन्हा कीड लागली असेल, दाढेची भिंत तुटली असेल किंवा चांदीला टेकणाऱ्या गालावर तिच्यामुळेच चट्टा आल्याचं तपासणीत ठरलं असेल, तर काढणं योग्य. टोंगळे (गुडघे) दुखतात, थकवा येतो, केस गळतात म्हणून चांगली बसलेली चांदी काढू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०२० मध्ये गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे व मज्जासंस्थेचे रुग्ण यांना नवी चांदी शक्यतो भरू नये असा सल्ला दिला. त्याच सल्ल्यात जुनी, धड असलेली चांदी वैद्यकीय गरजेशिवाय काढू नये असंही आहे. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळजवळ बंद केलं, पण तो नियम नव्या भरणाचा आहे. ‘चांदी काढून टाका’ म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत हा फरक हटकून गाळलेला असतो.

गालावरच्या चट्ट्याबद्दल आपल्या भागात जरा थांबून विचार करावा लागतो. सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा खाणाऱ्याच्या गालात पांढरा चट्टा दिसला, शेजारी चांदीची दाढ असली, की दोष चांदीवर टाकणं सोपं जातं. पण सुपारी, तंबाखू आणि चुन्यानं येणारे चट्टे, गालाचा ताठरपणा, तिखट लागताच होणारी आग यांची शक्यता विदर्भात कितीतरी जास्त, आणि त्यातले काही पुढे कर्करोगाकडे जातात. खर्रा ज्या गालात ठेवता त्याच बाजूला चट्टा असेल तर आधी तो दाखवा. डॉक्टर म्हणाले तर चट्ट्याचा तुकडा काढून तपासा, चांदीचं नंतर पाहू. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय अशा ठिकाणी मुखरोग विभाग असतो, तिथं हे काम नीट होतं.

खर्र्याचा दुसरा अडथळा तोंड उघडण्याचा. घरीच पाहता येतं: आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर ठीक. दोनच जात असतील तर मागच्या दाढेवर रबराचा पडदा बसवणं अवघड आणि एकच जात असेल तर जवळजवळ अशक्य. हे फोनवरच सांगून टाका, नाहीतर चाळीस किलोमीटर काळीपिवळीत बसून जायचं आणि ‘तोंडच उघडत नाही’ ऐकून परत यायचं.

रबराचा पडदा, डॉक्टरांच्या भाषेत रबर डॅम, ही या सगळ्यातली कळीची वस्तू. पातळ रबराचा चौकोन असतो, त्याला भोक पाडून फक्त कामाची दाढ बाहेर काढतात. चांदीचे तुकडे, भुकटी, पाणी सगळं त्याच्यावर पडतं, घशात जात नाही. तालुक्याच्या पुष्कळ दवाखान्यांत कापसाचे बोळे लावून काम भागवतात. साध्या भरणाला ते चालून जातं, चांदी काढताना नाही. म्हणून वेळ घेतानाच विचारा: रबर डॅम लावता का? लाळ ओढणाऱ्या बारीक नळीखेरीज जाड तोंडाचा, जोरात ओढणारा सक्शन आहे का? हातमोजे नायट्राइलचे आहेत का? साध्या रबरी मोज्यातून पारा आत शिरू शकतो. काढलेली चांदी कुठं ठेवता? हे विचारल्यानं डॉक्टर नाराज होतील असं समजू नका. ज्यांच्याकडे सोय आहे ते आनंदानं दाखवतात, आणि उत्तर टाळलं गेलं तर तेही एक उत्तरच समजा.

मग विजेचं विचारा. दाताच्या खुर्चीचा कॉम्प्रेसर आणि सक्शनची मोटर घरगुती इन्व्हर्टरवर सहसा ओढत नाही, जनरेटर लागतो. चांदी अर्धी कापलेली असताना लाईन गेली तर पाण्याचा फवारा आणि सक्शन एकाच वेळी थांबतात, आणि नेमकी तीच दोन वाफ आवरून धरत असतात. महावितरणची देखभालीची बंदी कोणत्या वारी असते ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं, तो वार टाळा. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. काम लांबलं तरी शेवटची एसटी सुटायची धास्ती राहत नाही आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सुन्न जबड्यानं फाट्यावर उभं राहावं लागत नाही. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट आडवी येते: दवाखान्याची दारं-खिडक्या एसीसाठी बंद असतात आणि एसी खोलीतली तीच हवा फिरवत राहतो. चांदी काढताना तेवढा वेळ खिडकी उघडी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवायला सांगा. घाम आला तर येऊ द्या.

आठवडाभर आधी एक्स-रे काढून घ्या. चांदी एक्स-रेत पांढरीफट दिसते, त्यामुळे तिच्या आडची कीड लपते. तरी चांदी नसेपासून किती दूर आहे याचा अंदाज येतो. चांदी खोल असेल तर काढल्यावर ठणका लागून रूट कॅनालची वेळ येऊ शकते. दाढेच्या भिंती पातळ उरणार असतील तर नुसतं भरण टिकत नाही, कॅप लागते. या दोन्ही शक्यता आणि त्यांचा खर्च आधी कागदावर लिहून घ्या. भांडणं होतात ती बहुधा इथंच, कारण ‘फक्त चांदी बदलायची’ म्हणून आलेल्याला मधेच कॅपचा आकडा ऐकावा लागतो.

चांदीच्या जागी काय भरायचं तेही आधीच ठरवा. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट साधारण दोन मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर निळ्या दिव्यानं कडक करतात. त्याला जागा पूर्ण कोरडी लागते, लाळेचा थेंब शिरला तर चिकटत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्यानं ज्यांचे दात पिवळे-तपकिरी, खडबडीत झालेत त्यांनी हे आवर्जून सांगावं: अशा दातावर चिकटवण्यापूर्वीचं आम्ल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागतं, नाहीतर भरण काही महिन्यांत कडेनं सुटतं. तोंड कमी उघडत असेल किंवा हिरडीखाली ओल येत असेल तर ग्लास आयोनोमर सिमेंट बरं. त्याची झीज लवकर होते, पण ओलावा ते कॉम्पोझिटपेक्षा जास्त सहन करतं.

आजारांची माहिती लपवू नका. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर धड चांदीला हात लावू नका. दुखत असेल, तुटली असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांवर सोडा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नक्की सांगा, कारण शरीरात गेलेला असा पारा मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतो आणि निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण असेल तर त्याचं कार्ड सोबत घ्या. सिकलसेलमुळे मूत्रपिंडंही बाधित होतात, शिवाय तहान, थंडी, ताप, ताण यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशा माणसानं पाणी भरपूर पिऊन जावं, ताप असताना जाऊच नये आणि एका बैठकीत एकच दाढ करावी. साखरेच्या रुग्णानं उपाशी जाऊ नये, नाश्ता आणि गोळी नेहमीप्रमाणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत. कुणी पाऱ्याची रसौषधं घेत असेल किंवा गोरं होण्याची बिननावाची क्रीम लावत असेल तर तेही सांगा. त्यांतून पारा दाढेतल्यापेक्षा कितीतरी जास्त जाऊ शकतो आणि लघवीच्या तपासणीचा आकडा उगाच दाढेच्या नावावर चढतो.

जायच्या दिवशी निदान सकाळपासून खर्रा नको. नथ, खडा, कानातलं, गळ्यातलं घरी काढून ठेवा; सोन्यावर पारा चढतो, आणि नाकातला दागिना पडद्याच्या आड येतो. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर तारीख पुढे ढकला, कारण रबराचा पडदा लावल्यावर श्वास नाकानंच घ्यायचा असतो. फवारणीला बांधतो तो रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही, भुकटी थोडी अडवतो, एवढंच. सोबत एक माणूस असू द्या, पण त्याला बाहेर बसवा, लहान मूल तर खोलीत मुळीच नको.

खुर्चीवर बसल्यावर क्रम असा असायला हवा. सुन्न करण्याचं इंजेक्शन, मग पडदा, त्याच्या खाली लाळ ओढणारी बारीक नळी. डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर व छातीवर झाकण. काही दवाखान्यांत नाकावर प्राणवायूची नळीही देतात. मशीनला नवा, धारदार कार्बाइड बर (टोकाचं कापणारं पातं); बोथट बर जास्त घासतो, जास्त तापवतो. पाण्याचा फवारा सतत, जाड सक्शन दाढेला लागून. चांदी सगळी घासून काढायची नसते. मधोमध एक-दोन चिरा पाडून कडेनं मोकळी करायची आणि तुकडे हत्यारानं उचलून घ्यायचे. जितकं कमी घासलं तितकी वाफ कमी. पाण्याचा फवारा बंद पडला किंवा पडदा फाटला असं वाटलं तर डावा हात वर करायचा, हे इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांशी ठरवून घ्या. काम झाल्यावर पडदा आधी धुवून, सक्शन करून मगच काढायचा. मग चुळा भरायच्या आणि जिभेखाली, गालाच्या खोबणीत काही अडकलं का ते पाहायला सांगायचं. दोन-चार दाढा असतील तर एका वेळी एका बाजूच्या एक-दोनच करा, म्हणजे दुसऱ्या बाजूनं भाकर चावता येते.

इतकं करूनही एखादा कण गिळला गेला तर घाबरू नका, घट्ट चांदीतला पारा पोटातून फारसा शोषला जात नाही. तुकडा श्वासात जाऊन ठसका थांबेना, तर मात्र लगेच छातीचा एक्स-रे.

काढलेली चांदी घरी मागू नका. ती सोनाराकडे नेऊन वितळवायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येतेच, आणि या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा धोका तोच आहे. बंद खोलीत तापवलेल्या पाऱ्याची वाफ फुफ्फुसं जाळते, माणूस मरू शकतो. घरी आपोआप निघालेली चांदी असेल तर ती चुलीत टाकू नका, झाकणाच्या छोट्या बाटलीत पाणी घालून ठेवा आणि दवाखान्यात द्या. दवाखान्यानंही ती बंद डब्यात वेगळी साठवायची असते. दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली की ती भट्टीत जळते आणि पारा हवेत जातो.

घरी आल्यावर सुन्नपणा दोन-तीन तास राहतो. तोवर गरम चहा नको, चावणं नको. गाल चावला गेला तरी कळत नाही. पारा उतरवायच्या गोळ्या, शेवाळाच्या पुड्या, सांबाराचा (कोथिंबिरीचा) रस यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. सांबार भाजीत टाका. पारा खेचणारी खरी औषधं विषबाधेसाठी असतात आणि ती मूत्रपिंडावर लक्ष ठेवूनच देतात. थंड-गरमाची कळ दोन-तीन आठवडे टिकू शकते, ती हळूहळू कमी व्हायला हवी. रात्री आपोआप ठणका लागला, सूज आली किंवा कळ वाढत गेली तर नस दुखावली आहे, परत जा. फक्त चावतानाच दुखत असेल तर भरण बहुधा उंच राहिलंय. ते घासून बसवायला पाच मिनिटं लागतात, त्यासाठी पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. येताना आधीचा व नंतरचा एक्स-रे, कोणत्या दाढेत काय भरलं आणि तारीख, एवढं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर घेऊन आधारकार्डाच्या पिशवीत ठेवा.