आर्डुइनो शिकताय? आधी या चुका टाळा

‘सर, कोड बरोबर आहे, तरी चालत नाही.’ नव्याने आर्डुइनो उनो (बटणं, सेन्सर जोडून कोडने चालवायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) हाती घेतलेल्या मुलांचं पहिलं वाक्य बहुतेकदा हेच असतं. मी लॅपटॉप बाजूला ठेवायला लावतो आणि वायरी बघतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे अधांतरी सोडलेली इनपुट पिन, म्हणजे बोर्डाची बाहेरचा सिग्नल वाचणारी जोडणी. बटण दाबलं की पिनला ५ व्होल्ट मिळतात, हे सगळ्यांना कळतं. बटण सोडल्यावर ती पिन कशालाच जोडलेली नसते आणि मग हवेतलं काहीही वाचते, हे कुणी लक्षात घेत नाही.

यात माझे तीन रविवार गेले आहेत. एका सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर तरंगून चालू-बंद होणारा), खाली पंपाजवळ बोर्ड. घरी टेबलावर हातभर वायरीवर सगळं चोख चाललं होतं. तिथे मात्र टाकी भरलेली असताना पंप चालू व्हायचा, मध्येच बंद पडायचा. पहिले दोन रविवार मी कोडमध्ये अटींवर अटी घालत बसलो. तिसऱ्या रविवारी स्विचची वायर नुसती हातात धरली आणि सिरियल मॉनिटरवरचे (लॅपटॉपवर बोर्डाची वाचनं दाखवणारी खिडकी) आकडे बदलले. गच्चीपासून खालपर्यंत ती वायर पंपाच्या केबलला चिकटून आली होती, त्यामुळे घरगुती विजेची ५० हर्ट्झची सगळी गुणगुण थेट पिनमध्ये येत होती.

आता माझी सवय ठरलेली आहे. स्विच पिन आणि ग्राउंडच्या (शून्य व्होल्ट) मध्ये, आणि पिन ‘इनपुट पुलअप’वर, म्हणजे चिपमधला रेझिस्टर तिला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. वाचन उलटं येतं, म्हणजे स्विच जुळला की लो (शून्य). ते कोडमध्ये सांभाळायचं. चिपमधला पुलअप २० ते ५० किलोओहमचा असतो, लांब वायरीला तो अपुरा पडतो. तिथे मी बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि पिनपाशी १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावतो. शिवाय तेच वाचन सलग दोन सेकंद आल्याशिवाय पंपाला हात लावत नाही.

दुसरी चूक ‘डिले’ची, म्हणजे बोर्डाला ठरावीक वेळ थांबवणाऱ्या आज्ञेची. एलईडी लुकलुकवायला तो ठीक आहे. पण पाच सेकंदांच्या डिलेमध्ये बटण दाबलं तर बोर्डाला ते कळणारच नाही, कारण तो तेव्हा नुसता थांबलेला असतो. मग कुणीतरी ‘मिलिस’ (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वापरायला सांगतं आणि मुलं घाईघाईने ती वेळ ‘इंट’ या छोट्या पूर्णांकाच्या प्रकारात साठवतात. उनोवर इंट १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. म्हणजे साधारण ३३ सेकंद एलईडी छान लुकलुकते, आणि पुढे इतकी भरभर चालू-बंद होते की नुसती मंद पेटलेली दिसते. वेळ ‘अनसाइन्ड लाँग’ या मोठ्या, ऋण नसलेल्या पूर्णांकातच ठेवा आणि आताच्या वेळेतून मागची वजा करून तुलना करा. मग साधारण ५० दिवसांनी मोजणी पुन्हा शून्यावर आली तरी बिघडत नाही.

तयार कोड उचलून चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो तो इथेच. चालला तर का चालला ते कळत नाही, बंद पडला तर कुठून बघायचं तेही नाही. चार सेन्सर, डिस्प्ले आणि मोबाइल ॲप एकाच संध्याकाळी जोडू नका. एक भाग जोडा, त्याचं वाचन डोळ्यांनी बघा, मगच पुढचा.

रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) किंवा मोटर थेट पिनवरून चालवू नका. पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, मी २०च्या वर जात नाही. मोटरला वेगळा सप्लाय द्या, पण दोन्हींचे ग्राउंड जोडा. ० आणि १ नंबरच्या पिना मोकळ्या ठेवा, नाहीतर अपलोड अडतं. मॉनिटरवर अगम्य चिन्हं आली तर बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) कोडशी जुळवा. मोठ्या ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता भाग जोडायची पाटी) सप्लायची पट्टी कधीकधी मधोमध तुटलेली असते, मीटर लावून बघा.

आणि बोर्ड पोर्टच्या यादीत दिसतच नसेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी केबल बदला. पुष्कळ केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. माझ्या खणात खात्रीची एक केबल लाल चिकटपट्टी लावून ठेवलेली आहे, ती मी कुणालाही फोनसाठी देत नाही.