मेंदूच्या छेदावर एन्झाइमची सक्रियता टिपताना या चुका टाळा

मॅल्डी मास स्पेक्ट्रोमेट्रीने (लेसरने रेणू आयनरूपात उडवून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या तंत्राने) ऊतीतील एन्झाइमची सक्रियता टिपतो असे आपण म्हणतो, तेव्हा उपकरणाला एन्झाइम दिसत नसते. छेदावर, म्हणजे ऊतीच्या पातळ कापावर, फवारलेल्या सबस्ट्रेटपासून (एन्झाइम ज्यावर क्रिया करते त्या पदार्थापासून) तयार झालेला पदार्थ कोठे व किती आहे, एवढेच ते नोंदवते. या दोहोंतील अंतर विसरले की सुंदर पण खोटी चित्रे मिळतात. उंदराच्या मेंदूतील ॲसिटिलकोलिनेस्टरेजच्या बाबतीत हे फार सहज घडते.

हे एन्झाइम ॲसिटिलकोलिन या चेतासंदेशवाहक रसायनापासून कोलिन तयार करते. परंतु कोलिन मेंदूत आधीच असते, मृत्यूनंतर झपाट्याने वाढते आणि लेसरमुळे फॉस्फॅटिडिलकोलिन हा पेशीपटलातील मेद तुटूनही काही प्रमाणात तेच शिखर उमटू शकते. म्हणून कोलिनच्या एम/झेड (वस्तुमान व विद्युतभार यांचे गुणोत्तर) १०४ चे चित्र सक्रियतेचा पुरावा मानणे ही माझ्या मते सर्वांत गंभीर चूक आहे. नायट्रोजनवरील तीन मिथाइल गटांत नऊ ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेले ॲसिटिलकोलिन वापरावे. मग सबस्ट्रेट एम/झेड १५५ वर आणि त्यापासून झालेले कोलिन ११३ वर स्वतंत्रपणे मोजता येते.

दुसरी अडचण पसरण्याची. कोलिन लहान आणि पाण्यात अत्यंत विद्राव्य असल्यामुळे फवारा जरा ओला झाला, किंवा आर्द्र पेटीतून काढलेल्या काचेवर दव धरले, तरी ते मूळ जागेवरून सरकते. फवारा बारीक ठेवून तो अनेक पातळ थरांत द्यावा, ठरलेली वेळ संपताच छेद त्वरित कोरडा करावा आणि मॅट्रिक्सही (लेसरची ऊर्जा शोषणारा लेप) तितक्याच संयमाने चढवावे. छेदाच्या कडेबाहेरील मोकळ्या काचेवर ११३ चा संकेत दिसला, तर पदार्थ वाहिला आहे असे समजावे. लेसर २० मायक्रोमीटरच्या टप्प्यांनी फिरवल्याने असे चित्र अधिक सूक्ष्म होत नाही.

ॲसिटिलकोलिनेस्टरेज अतिशय वेगवान आहे. अभिक्रिया लांबली तर सबस्ट्रेट संपतो, आणि एरवी उठून दिसणारा स्ट्रायटम (मेंदूच्या आतील एक भाग) व तुलनेने मंद कॉर्टेक्स (मेंदूचा बाह्य थर) सारखेच उजळ दिसू लागतात. अशा वेळी सबस्ट्रेट भरमसाट वाढवण्याचा मोह होतो, पण त्याच्या अतिरेकाने हे एन्झाइम स्वतःच मंदावते. त्याऐवजी लगतचे छेद वेगवेगळ्या वेळी थांबवून पाहावेत.

सबस्ट्रेट अल्कधर्मी द्रावणात एन्झाइमशिवायही फुटतो, त्यामुळे उष्णतेने निष्क्रिय केलेला छेद प्रत्येक प्रयोगात हवाच. फायसोस्टिग्मिन हा कोलिनेस्टरेज रोखणारा अवरोधक दिलेल्या छेदातही संकेत उरला, तर तो कोलिनेस्टरेजचा नाही असा संशय घ्यावा. मात्र फायसोस्टिग्मिन ब्युटिरिलकोलिनेस्टरेजलाही रोखते. हे दुसरे एन्झाइमही ॲसिटिलकोलिन फोडते, म्हणून त्याचा वाटा वेगळा काढण्यासाठी आयसो-ओएमपीए हा निवडक अवरोधक लागतो.

नमुन्याबाबत थोडक्यात सांगायचे तर फॉर्मालिन टाळावे, ऊती ताजी गोठवून उणे ८० अंशांवर ठेवावी आणि छेदाचा भाग ओसीटीत (गोठवताना ऊतीभोवती ओततात त्या माध्यमात) बुडवू नये, कारण त्यातील पॉलिमर आयनांचे संकेत दाबतात. फॉस्फेट बफरमधील क्षारही तेच करतात; अमोनियम ॲसिटेटसारखा बाष्पशील क्षार बरा.

शेवटी, शेजारचा एक छेद कार्नोव्स्की आणि रूट्स यांच्या १९६४ च्या थायोकोलिन पद्धतीने (एन्झाइम असेल तेथे रंग उमटवणाऱ्या) रंगवावा. दोन्ही चित्रांत स्ट्रायटमची सीमा जुळत नसेल, तर संगणकावरील रंगपट्टी बदलत बसण्यापेक्षा फवारणीचा वेग आणि थरांमधील वाळण्याचा वेळ आधी तपासावा.