रेड सॉक्सचे जुने सामने पेन्सिल हातात घेऊन कसे पाहावेत

बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या डेव्ह रॉबर्ट्सने २००४मध्ये चोरलेला, म्हणजे पिचर बॅटरला चेंडू टाकत असतानाच पळून गाठलेला, तो बेस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा काही सेकंदांची चित्रफीत होती ती. एक माणूस पळतो, मातीत झेप घेतो, अंपायर हात पसरतो आणि रेड सॉक्सचं घरचं मैदान, फेनवे पार्क, वेडं होतं. मला काहीच कळलं नाही. पुढे तोच सामना नवव्या इनिंगच्या सुरुवातीपासून, मांडीवर वही घेऊन पाहिला. या वेळी रॉबर्ट्स पळाला तेव्हा माझी पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. रेड सॉक्सचा कुठलाही गाजलेला क्षण आता मी असाच बघते.

वही कोरी घ्या आणि पेन नको, पेन्सिलच घ्या, कारण खोडावं लागतं. प्रत्येक बॅटरला एक चौकोन, चौकोनात बेसचा छोटासा चौकट-आकार. बॅटर जितके बेस पुढे सरकेल तितक्या बाजू गडद करायच्या. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे तो झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर आउट झाला, तर लिहायचं ६-३. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट झालं तर, ‘के’, चार बॉलवर (मारण्याच्या हद्दीबाहेर पडलेल्या चेंडूंवर) फुकट मिळालेल्या बेसला ‘बीबी’, चूक झाली तर ‘ई’ आणि पुढे चूक करणाऱ्याच्या जागेचा आकडा. सुरुवातीला एवढं पुरतं.

आता सर्वांत महत्त्वाचं: सुरुवात कुठून करायची? प्रसिद्ध क्षणापासून कधीच नाही. निदान त्या इनिंगच्या पहिल्या बॅटरपासून तरी.

१७ ऑक्टोबर २००४चंच घ्या. चार सामने जिंकणाऱ्याच्या मालिकेत न्यू यॉर्क यँकीज ३-०ने पुढे, आदल्या रात्री त्यांनी १९-८ असं चिरडलेलं. चौथ्या सामन्याची नववी इनिंग, बोस्टन ३-४ने मागे आणि समोर यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. आघाडी राखायला त्याच्या तोडीचा पिचर झाला नाही, असं मी अगदी मनापासून म्हणते. बोस्टनच्या केव्हिन मिलारला ‘बीबी’ मिळतो. त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्स येतो. इथे घाई करून चित्रफीत पुढे ढकलू नका. रिव्हेरा तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकतो आणि तीनही वेळा रॉबर्ट्स परत येतो. तो पळणार हे मैदानात प्रत्येकाला ठाऊक आहे. बॅटरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर तो पळतो आणि इंचभराच्या फरकाने सेफ ठरतो. मग बॅटर बिल म्युलरचा फटका पिचरजवळून मधून जातो, रॉबर्ट्स धाव पूर्ण करतो, ४-४. मध्यरात्र उलटल्यावर बाराव्या इनिंगमध्ये बोस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचा होमरन (थेट कुंपणापार गेलेला फटका) येतो आणि सामना ६-४. वहीत मात्र त्या तीन फेकांसाठी मी समासात तीन ठिपके काढते. अधिकृत नोंदीत असं काही नसतं, पण माझ्या लेखी सगळा ताण त्या तीन ठिपक्यांत आहे.

हरलेले सामनेही लिहा. उलट ते आधी लिहा. २५ ऑक्टोबर १९८६, शे स्टेडियम, न्यू यॉर्क मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. लोक सांगतात की चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला आणि बोस्टनने विजेतेपद घालवलं. दहाव्या इनिंगचा उत्तरार्ध स्वतःच्या हाताने लिहिलात, तर असं म्हणणं तुम्हाला जमणार नाही. बोस्टन ५-३ने पुढे. मेट्सचे पहिले दोन बॅटर आउट, बेस मोकळे. मग कार्टर, मिचेल, नाइट असे लागोपाठ तीन सिंगल (एका बेसचे फटके), ५-४. पिचर बदलतो, बॉब स्टॅन्ली येतो. त्याचा एक चेंडू कॅचरच्या आवाक्याबाहेर जातो, मिचेल धावत घरी, ५-५. इथे पेन्सिल थांबवा आणि स्कोअर पुन्हा वाचा. बकनरकडे चेंडू जाण्याआधीच आघाडी संपलेली आहे! त्यानंतर मुकी विल्सनचा तो घरंगळता फटका, ई३, आणि ६-५. शिवाय आघाडी असताना शेवटच्या इनिंगमध्ये बकनरच्या जागी डेव्ह स्टेपलटनला उतरवण्याची पद्धत होती. त्या रात्री मॅनेजर मॅक्नमारांनी तसं केलं नाही. मालिकाही तिथे संपली नव्हती, सातवा सामना उरला होता, तोही मेट्सने ८-५ जिंकला. एका माणसाच्या माथी हे सगळं मारलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. एप्रिल २००८मध्ये फेनवेवर सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू फेकायला बकनर आला आणि प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते दृश्य मात्र वही बाजूला ठेवून पाहा.

सिनसिनाटीविरुद्धच्या १९७५च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बोस्टनचा कार्लटन फिस्क हात हलवत आपण मारलेल्या चेंडूला ‘रेषेच्या आत राहा, आत राहा’ असं विनवतो आणि होमरनने सामना जिंकून देतो, ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. तुम्ही आठव्या इनिंगपासून सुरू करा. तिथे बोस्टनच्या बर्नी कार्बोचा बरोबरी साधणारा तीन धावांचा होमरन नसता, तर फिस्कची बारावी इनिंग आलीच नसती. पुढचा, सातवा सामना सिनसिनाटीने ४-३ जिंकला. त्यालाही एक पान द्या.

चित्रीकरणच नसलेल्या सामन्यांसाठी आकडेमोड करा. १९४१च्या हंगामाच्या शेवटच्या दिवसाआधी रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची सरासरी होती ४४८ वेळा बॅटिंगमध्ये १७९ हिट (बेस मिळवून देणारे फटके). भागाकार स्वतः करा: ०.३९९५५. नियमाप्रमाणे हे ०.४०० धरलं गेलं असतं, क्वचितच कुणी गाठलेला आकडा; तो राखायला तो बाकावर बसू शकला असता. तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला आणि ८ पैकी ६ हिट काढले. आता १८५ भागिले ४५६. उत्तर तुमच्याच हाताखाली ०.४०६ येतं, आणि ते वाचण्यापेक्षा काढण्यात फार मजा आहे. जुन्या सामन्यांचा चेंडूगणिक नाही, पण बॅटरगणिक तपशील ‘रेट्रोशीट’ या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात फुकट मिळतो.

शेवटी २७ ऑक्टोबर २००४चं पान करा, वर्ल्ड सिरीजमधलं रेड सॉक्सचं १९१८नंतरचं पहिलं विजेतेपद. सेंट लुईसच्या रेंटेरियाचा फटका उसळून थेट बोस्टनचा पिचर फोकच्या हातात येतो, तो काही पावलं पुढे येऊन पहिल्या बेसवर चेंडू अलगद टाकतो. माझ्या वहीत हे पान मी १९८६च्या पानासमोर चिकटवलं आहे. डावीकडे शेवटच्या चौकोनात ई३, उजवीकडे १-३.