दाढ ठणकायच्या आधी: दातांची कीड कशी टाळावी

दाताच्या डॉक्टरकडे आपल्यातले बहुतेक जण रात्रभर दाढ ठणकली की मगच जातात. तोवर कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली असते आणि साधं सिमेंट भरून भागत नाही. रूट कॅनल करा, वर कॅप बसवा, नाहीतर दाढच काढा. दाताचं सगळ्यात बाहेरचं कडक आवरण म्हणजे एनॅमल. त्याला वेदना कळतच नाही. कीड त्या थरात असते तोवर दात दुखत नाही, आणि इलाज सर्वांत सोपा, सर्वांत स्वस्त असतो तो नेमका तेव्हाच. म्हणून काय करायचं ते दुखत नसताना करायचं.

आधी दिवसभराच्या खाण्याकडे बघा

तोंडात जिवाणू कायम असतात. दातांवर त्यांचा एक चिकट थर बसतो. साखर किंवा पिठूळ पदार्थ मिळाला की ते आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. पुढच्या अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत बसवते. ही झीज-भर रोज चालूच असते. लाळेला वेळ मिळाला नाही की झीज वरचढ होते आणि खड्डा पडतो.

त्यामुळे गोड किती खाल्लं याच्याइतकंच, किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं आहे. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याचा दिवस बघा. निघताना चहा, पोचल्यावर कटिंग, मध्यरात्री चहा-बिस्किट, पहाटे झोप येऊ नये म्हणून पुन्हा कटिंग, त्यात टेबलावर कोल्ड्रिंकची बाटली आणि तासभर घोट-घोट. लाळेला उसंतच नाही. अशांना चहा सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. चहा प्यायचाच तर एका बैठकीत पिऊन संपवा, बिस्किट त्याच वेळी खा, आणि दोन वेळांमध्ये फक्त पाणी. साखर दर आठवड्याला पाव चमच्याने कमी केली तर जिभेला फारसं कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, आणि 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम, ठेवता आली तर आणखी बरं. गूळ आणि मधही यातच मोजायचे. दाताच्या दृष्टीने ती साखरच आहे.

गणपतीत मोदक खा, संक्रांतीला तिळगूळ खा. फक्त जेवणाबरोबर खा. दिवसभर येता-जाता डब्यातून एकेक वडी तोंडात टाकणं दातांना जास्त महाग पडतं.

रात्रीचं घासणं पक्कं करा

सकाळी घासणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. चुकतं ते रात्रीचं. झोपेत लाळ अगदी कमी होते, त्यामुळे रात्री दातांवर राहिलेलं अन्न सकाळपर्यंत तसंच काम करत बसतं. एखाद्या दिवशी दोन्हीपैकी एकच वेळ जमणार असेल तर मी रात्रीचीच निवडायला सांगेन.

पेस्ट फ्लोराइडचीच घ्या. पाकिटावर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असं, दिलेलं असतं, ते 1000 च्या आसपास आहे का बघा. नुसतं आयुर्वेदिक, हर्बल किंवा मीठवालं लिहिलंय म्हणून पेस्ट वाईट ठरत नाही, पण त्यात फ्लोराइड नसेल तर किडीपासूनचं मुख्य संरक्षणच गेलं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. टीव्हीवरच्या जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी दाखवतात, तेवढी कुणालाच लागत नाही.

ब्रश मऊ केसांचा घ्या. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर तो तिरका टेकवा, साधारण 45 अंशांत, आणि जागच्या जागी छोटी छोटी थरथर द्या. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. बाहेरची बाजू, मग आतली, मग चावायची. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा लागतो. तिथेच कीटण, म्हणजे दातावर साचून कडक झालेला थर, सगळ्यात आधी साचतं आणि तीच जागा रोज सुटते. शेवटच्या दाढेच्या मागच्या बाजूला पोचायचं तर तोंड जरा मिटून घ्या, गाल सैल पडतो आणि ब्रश आत शिरतो. एकूण दोन मिनिटं. जोर लावून आडवं घासल्याने दात जास्त स्वच्छ होत नाहीत, हिरडीजवळ झिजतात मात्र.

झालं की फेस थुंका आणि थांबा. भराभर चुळा भरायची आपल्याला लहानपणापासून सवय आहे, पण त्या चुळांबरोबर फ्लोराइडही वाहून जातं. तोंडात पेस्टचा हलका थर राहू दे. पहिले काही दिवस विचित्र वाटेल, मग सवय होते.

दोन दातांच्या मधे ब्रश जात नाही. तिथे दोरा, म्हणजे फ्लॉस, किंवा फट मोठी असेल तर बारीक इंटरडेंटल ब्रश. काडीने किंवा सेफ्टी पिनेने कोरू नका. लिंबू सरबत, कोकम किंवा कोल्ड्रिंक प्यायल्यावर मात्र लगेच घासू नका. पाण्याने चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या. ब्रशचे केस वाकले की किंवा तीन-चार महिने झाले की तो बदला.

मशेरी लावणाऱ्यांना एकच सांगणं: ती भाजलेली तंबाखू आहे. तिने दात साफ झाल्यासारखे वाटतात, पण हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आजी वर्षानुवर्षं लावतेय म्हणून सोडून देऊ नका, तिच्याशी बसून बोला, आणि एकदा तिचं तोंड तपासून आणा.

घरातल्या लहान मुलाचा ओठ उचलून बघा

'दुधाचेच दात ते, पडणारच आहेत' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं, आणि त्यापायी फार मुलं विनाकारण दुखणं सोसतात. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या तर मूल नीट चावत नाही, रात्री उठतं, शाळेत लक्ष लागत नाही. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

महिन्यातून एकदा मुलाला मांडीवर आडवं घ्या, मोबाइलचा टॉर्च लावा, वरचा ओठ बोटाने उचला. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी निस्तेज रेघ दिसते का? ही किडीची पहिली खूण. अजून खड्डा पडलेला नाही, आणि इथून मागे फिरता येतं: फ्लोराइडची पेस्ट, रात्रीची दुधाची बाटली बंद, आणि डॉक्टरांकडून फ्लोराइड वार्निशचा थर. ती रेघ पिवळी-तपकिरी झाली, खरखरीत लागली, तर त्याच आठवड्यात दाखवा. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांमध्ये हे फार दिसतं. पहिला दात आला की ओल्या मऊ ब्रशने सुरुवात करा आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की आहे, गेली की दुसरी नाही. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत जात नाही. डॉक्टरांना विचारून त्या खाचा सीलंटने, म्हणजे दातावर लावून घट्ट होणाऱ्या पातळ लेपाने, बंद करून घ्या. सुई नाही, कोरणं नाही, थोड्या वेळाचं काम. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात रात्री तुम्हीच घासून द्या.

तपासणीला कुठे आणि कसं जायचं

खर्चाच्या भीतीने पुष्कळ जण टाळतात. नवी मुंबईत राहणाऱ्यांचं एक भाग्य असं की इथे हाकेच्या अंतरावर दंत महाविद्यालयं आहेत. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूर-खारघरच्या बाजूला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम. ठाण्याहून नेरुळ ट्रान्स हार्बरच्या लोकलने गाठता येतं, आणि जानेवारी 2024 पासून उरणहूनही थेट लोकल आहे. महाविद्यालयात विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी येतो. वेळ मात्र हाताशी ठेवा. एका भरणीसाठीही टप्प्याटप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन बघतात. हा उशीर तुमच्या भल्याचा आहे.

सकाळी लवकर जा, केसपेपर काढा. आधी तपासणी होते, मग त्या-त्या विभागात पाठवतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण यातलं काहीही असेल तर सुरुवातीलाच सांगा. चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात, म्हणून अशांनी तर तपासणी चुकवूच नये.

दोन दातांच्या मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी डॉक्टर छोटा एक्स-रे काढायला सांगतात. त्याला नाही म्हणू नका. आणि दातांची सफाई केली की दात हलतात, फटी पडतात, ही भीती सोडा. फट आधीपासून असते, ती कीटणाने भरलेली असते. कीटण निघालं की जीभ तिथे लागते आणि दात मोकळे वाटतात. तसंच राहू दिलं तर कीटण हिरडीच्या खाली शिरतं आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. दात खरे हलतात ते त्याने.

मुलांना आणि ज्यांना वरचेवर कीड लागते त्यांना सहा महिन्यांनी, बाकीच्यांना डॉक्टर सांगतील तेव्हा. साधारण वर्षाच्या पुढे जाऊ देऊ नका.

पण गोड किंवा थंड लागलं की झिणझिणी येणं, एकाच जागी घास अडकणं, घासताना रक्त येणं यातलं काही सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. गालावर सूज, ताप, तोंड न उघडणं किंवा गिळायला त्रास, यातलं काही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. सुजेला बाहेरून शेक देऊ नका आणि वेदनेची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, कातडी भाजते. लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिर वाटतं, कीड तिथेच असते.

काम झालं की पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या आणि एक्स-रेसकट तो घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तरी कुठल्या दाढेवर लक्ष ठेवायचं होतं ते त्यांना लगेच कळतं.